तडा

"आण्णा, रांजणाचा तडा कुठं गेला?" मी कुजबुजले. परीक्षक कॉलेजच्या प्रदर्शन-दालनाच्या दारातच उभे होते.

"बुजवला की! टपरीवरनं गूळ आणला, डबीतला चुना कालवला. पोरीची परीक्षा, आन् गळका रांजण मांडायचा व्हय?" आण्णांनी बोटं पायजम्याला पुसली.

जन्मभर चाक फिरवलेल्या बापाला मी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. सिरॅमिक्सच्या एम.एफ.ए.साठी नेमका तसाच तडा पडावा म्हणून मी दोन वर्षं भट्ट्या लावल्या होत्या. त्या तड्यावर ऐंशी पानांचा प्रबंधही लिहिला होता.

परीक्षक रांजणाभोवती दोनदा फिरले. बुजवलेल्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"काय धाडस आहे! जखमेलाच नकार! हा विषय एम.एफ.ए.त मावणारा नाही. हिनं पीएचडीच करायला हवी."

"म्हंजे आजून किती वर्सं?" आण्णांनी विचारलं.

"पाच तरी लागतील."

आण्णांनी बाही वर सारली.

"सरका सायेब. तडा परत पाडून देतो. एका टोल्याचं काम हाय."