सायीएवढा पापुद्रा

"आबा हास्पिटलात हायेत. हाय तसं निघून या," एवढंच बोलून कोमलनं फोन ठेवला होता. निलेशनं पर्यटकांची पार्टी लोणावळ्यातच दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात मारली आणि गाडी तळेगावकडं पिटाळली.

हॉस्पिटलच्या दारातच कोमल, त्याची बायको, भेटली. रडून डोळे लाल झालेले.

"काय झालं आबांना?"

"डाक्टरबाई वाट बघत्यात. आधी त्यांच्याकडं चला."

डॉक्टर राजेश्वरींनी पडद्यावर एक चित्र लावून ठेवलं होतं. करडं वर्तुळ, एका अंगाला फुगलेलं.

"ही हृदयाची रक्तवाहिनी, आतून. मनगटातून बारीक तार सरकवून घेतलेलं चित्र आहे. अडथळा निम्मासुद्धा नाही, म्हणून माणूस हिंडतो-फिरतो. पण हे बघा. आत मऊ चरबी, आणि वर पापुद्रा दुधावरच्या सायीएवढा. हा फाटला की रक्ताची गाठ धरणार आणि नळी तिथल्या तिथं बंद."

"फाटंल कधी?"

"आज फाटेल, नाहीतर कधीच नाही. तेच सांगता येत नाही. मी म्हणते, स्टेंट घालू आणि औषधं सुरू करू. पण पेशंट ऐकून घ्यायलाच तयार नाही. तुम्ही एकदा आबांशी बोला."

निलेशच्या तोंडचं पाणी पळालं. आई गेल्यावर आबांनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. तो कोमलवर उखडला.

"मला आधी सांगायला काय झालतं?"

"सांगायला गेलं की वसकन अंगावर येणार. कुणी सांगावं?"

ते काही खोटं नव्हतं. त्या घरातल्या पुरुषांशी दुखण्याखुपण्याचं बोलायची सोयच नव्हती. हट्टाला जसा बाप तसा बेटा.

खोलीत नथूआबा खाटेवर मांडी घालून बसले होते. टोपी डोक्यावर होती, पण चेहरा पार उतरलेला.

"आबा, हट्ट सोडा. चढा टेबलावर."

"मी कशाला चढू? मला काय धाड भरलीय?"

"वरनं असंच वाटतं! मी बघितली ना फिलिम आत्ता. साय हाय, नुसती साय!"

"लय भ्या वाटलं?"

"हातपाय गळाले माझे."

"माजं बी."

निलेशनं खाली बसून त्यांचे पाय धरले. "अवो, काय दुखत न्हाई. माझ्या पण मनगटातनं घातली होती ना तार गेल्या म्हैन्यात? मुंगी चावल्यावानी वाटतं. मला उगं गॅस झालता, मी तर रिपोर्टला पण थांबलो न्हाई, सकाळी उठून घर गाठलं. हे तसं न्हाई. हितं जीव टांगणीला लागलाय."

"ज्याचा जीव त्याची मर्जी, आसं तूच म्हनतूस की."

"मर्जी कसली? तुमची नात अपेक्षा पाच वर्साची हाय. उद्या बरंवाईट झालं तर त्या पोरीला काय सांगायचं? घरच्यांचा इचार न करता न्हाई म्हणणारा माणूस पापी, आबा. पापी!"

कोमलनं भिंतीकडं तोंड फिरवलं. पदर तोंडात कोंबून ती उभी होती.

आबांनी पायांवरचे लेकाचे हात धरले.

"आन् त्या टेबलावर तुला चढाय सांगितलं असतं तर?"

"आत्ता चढलो असतो. या पावली."

"घे शपथ."

"तुमच्या गळ्याशप्पथ, आबा!"

आबा खाटेवरून खाली उतरले. उशाशी घडी करून ठेवलेला हॉस्पिटलचा हिरवा झगा त्यांनी उचलला आणि निलेशच्या हातात दिला.

"मंग काढ शर्ट," ते म्हणाले. "ती फिलिम तुझी हाय."