हिरवं लुगडं

सदतीस सालच्या निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी सकाळीच कुंडलिकाची बायको धोंडूबाई गेली. सवाष्ण म्हणून बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. नदीची वाट टोकावड्याच्या चावडीपुढूनच होती. चावडीत मतदान चालू होतं आणि ते नीट होतंय का हे बघायला विलायतेहून एक साहेब आला होता. त्याने तिरडी अडवली.

पाटील मान खाली घालून म्हणाले, "कुंडलिका, हिरवी पेटी एका उमेदवाराची हाय, पिवळी दुसऱ्याची. साहेब म्हणतो, हा त्याचाच प्रचार. वरून पांढरी चादर घाल नि जा."

"पांढऱ्यात रांडाव बाई नेतात, पाटील. मी अजून जिता हाय. सांगा त्याला."

पाटलांनी सांगितलं. साहेबाने टोपी काढली, हळहळला, पण नियम सोडला नाही. मतदान संपेपर्यंत तिरडी उंबराखाली टेकवून ठेवली. पिवळ्या पेटीच्या माणसांनी येऊन साहेबाचे आभार मानले.

चिता पेटल्यावर कुंडलिक पाटलांना म्हणाला, "तिचं पयलंच मत होतं. पिवळ्या पेटीत टाकणार होती. तेवढं रायलं."