बारीक नळी

"जीव वाचलाय, पण हृदयाचं बरंच नुकसान झालंय," डॉक्टर म्हणाले. "आधी काहीच लक्षण दिसलं नव्हतं?"

काचेपलीकडे श्रावण नळ्या लावून पडला होता. अलीकडे अमरावतीच्या त्या दवाखान्याचा व्हरांडा, आणि व्हरांड्यात इतर पेशंटांचे पंधरा-वीस नातेवाईक, कान टवकारून. श्रावणच्या बायकोनं, मनकर्णानं, पदर सारखा केला. शेजारी तिचा दीर सुगत बोकडाच्या पायाच्या रश्शाचा डबा छातीशी धरून उभा होता.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. नवरा-बायकोचं बंद पडलं होतं. मन होये, अंग साथ नाही दे."

सुगत वर पंख्याकडे बघू लागला. पंखा बंद होता.

"कोणाला दाखवलं होतं?"

दाखवलं होतं तर! ती वर्षंच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती; वऱ्हाडात माणूस शिंकला तरी त्याला धीर द्यायला पथक येई. चांदूर रेल्वेच्या शिबिरात श्रावण लाज गिळून बोलला. तिथल्या साहेबांनी ना रक्तदाब पाहिला, ना साखर. नापिकी किती, तेवढं विचारलं. श्रावणला शेतच नव्हतं. तो लोकांच्या संत्राबागांत ठिबकच्या नळ्या बसवायचा. तरी साहेबांनी 'ताण' असं लिहिलं आणि 'खचू नका'चं पत्रक हातात दिलं. मग ताकदीचं खातं मनकर्णानं घेतलं. दर रविवारी पायाचा रस्सा. वरून तूप.

डॉक्टर म्हणाले, "पुरुषाच्या त्या जागेच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक. पुष्कळदा त्या आधी अडतात, हृदयाचं मागाहून कळतं. तेव्हाच तपासलं असतं तर..."

"थांबा!" मनकर्णाचा आवाज चढला. "हा माणूस बागाईतदाराले काय सांगे, ठाव हाय? 'भाऊ, बारीक नळी बंद पडली का नुसती टाचणी नका टोचू, मोठ्या पायपातला गाळ पाहा.' साऱ्या तालुक्याले सांगे! अन् सोताचं त्याले नाही समजलं. त्या शिबिरातल्या शिकेलाले नाही समजलं. अन् मी बया वरून तूप ओतत राह्यली!"

"वहिनी, हळू बोल. लोक पाहून राह्यले."

ती गर्रकन वळली.

"पाहू दे! तुही बायको परवा मायाजवळ काहून रडे रे? सहा महिने झाले म्हणे. तुले बी पत्रक आणाले जाचं हाय का?"



सुगतनं डबा बाकाखाली ठेवला. नर्सबाईच्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र होतं. तो तिथं जाऊन बसला आणि बाही वर सारली.

थोड्या वेळानं त्याच्या मागं आणखी दोघं येऊन उभे राहिले. कोणाचे कोण, माहीत नाही. एकमेकांकडे न बघता तेही बाही गुंडाळू लागले.