दाराजवळची ओळ

दाराजवळच्या ओळीतल्या चौथ्या झाडावर वर्नाला पिवळा पुंकेसर दिसला. झाड मादी, फुलोऱ्याचा सहावा आठवडा, आणि बोंडातून नराचा केसर डोकावत होता. तिनं पाचवं झाड पाहिलं, सहावं पाहिलं. ओळभर तेच. मागच्या ओळी मात्र स्वच्छ होत्या.

गांजाचं झाड रात्र मोजतं. सलग बारा तास काळोख मिळाला की फुलतं. त्या काळोखात कुणी पुन्हा पुन्हा उजेड पाडला की बिथरतं आणि मादीच्याच अंगावर नराची फुलं काढतं. मग बी धरतं, आणि बियांच्या मालाला कुत्रंही विचारत नाही. रात्री वीज स्वस्त, म्हणून या खोलीतले दिवे रात्री नऊला लागत आणि सकाळी नऊला विझत. दिवसभर वर्ना युरेका गावच्या शाळेत पोरांना जेवण वाढायची, तेव्हा इथं झाडांची रात्र असायची.

टायमर तिनं कालच तपासला होता. दाराखालची फट तिच्या थोरल्या भावानं, रॉयसनं, स्वतः काळी पट्टी लावून बुजवली होती. गांजा पिकवायचा सरकारी परवाना रॉयसच्या नावावर होता, पण वाण वर्नाच्या हातचं. अकरा वर्षं निवडून निवडून तिनं ते तयार केलं होतं. खोलीच्या किल्ल्या दोनच, एक तिची, एक त्याची.

नऊ वाजले. दिवे विझले. दोनच मिनिटांत दार किलकिलं करून रॉयस आत सरकला आणि त्यानं ते झटकन लावून घेतलं. कपाळावर हिरवा दिवा, कारण हिरव्या उजेडानं झाडांची झोप मोडत नाही.

"अगं, तू अजून इथंच? शाळेत बोंबलतील."

"मी नसताना दिवसा कोण येतं इथं?"

"कोण येणार? भुतं?"

"रॉयस, दाराजवळची ओळ नासलीय. फक्त दाराजवळची."

त्यानं वाकून झाड पाहिलं. तीस वर्षं यातच घालवलेला माणूस, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"फोटो काढत बसला तो," तो म्हणाला. "दार सताड उघडं टाकून. मी नको म्हणत होतो."

"कोण तो?"

"सॅक्रमेंटोची पार्टी आहे. तीनदा येऊन गेला. फुलोरा बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला. सगळं विकत घेतायत, वर्ना. परवाना, खोली, वाण."

"वाण कुणाचं म्हणून सांगितलंस?"

पंखे घरघरत होते. रॉयसनं कपाळावरचा दिवा उगाच नीट केला.

"कागदावर एकच नाव लागतं गं. परवाना माझा, म्हणून मग तेही माझंच लिहिलं. आता त्यात काय एवढं?"

परक्यानं चोरी केली असती तर वर्नानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर विचारत होतं, त्यात काय एवढं.

तिच्या गप्प राहण्याचा रॉयसनं भलताच अर्थ घेतला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वेडी कुठली. तुला वाऱ्यावर सोडीन होय मी? तुझ्यासाठीही शब्द टाकलाय. पाणी घालायला ठेवून घेतील तुला."