डिंकाने जोडलेली गोधडी

सईची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिला चाकणच्या कंपनीत जायचं होतं आणि तान्ही अनुया दिवसभर सासूबाईंकडे, पद्माताईंकडे राहणार होती. पद्माताई नातीसाठी गोधडी करत होत्या. साड्यांच्या थरांमध्ये पातळ डिंक लावून त्यांनी इस्त्री फिरवली. आता मशीनवर शिवलं की झालं. सईने कोपरा चाचपला. “आई, कडक का लागतंय?” “डिंक आहे. धुतला की निघतो.” “पण तुम्ही तर नेहमी हाताने धावदोरा घालता.” पद्माताईंनी हात पदराखाली घेतले. लपवलेलं सांगावंच लागलं. “हात थरथरतात गं. सुई धरवत नाही. अनुया हातातून पडली तर?” सईने गोधडी बाजूला ठेवली. पद्माताईंचा जीव टांगणीला लागला. मग सईने पाळण्यातून लेकीला उचललं. “मांडी घालून बसा, आई,” म्हणत तिने अनुयाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. “उभ्याने नको, बसूनच घेत जा.”