त्रेसष्ट हिरवी गावं

“काका, तुमच्या मेलवर सहा आकडी नंबर गेलाय. तेवढा वाचून दाखवा.”

“मेल म्हंजी काय गं बाई? आमी शेळ्याला पाला तोडायलोत,” म्हणत तिच्याच गावच्या पोलीस पाटलांनी फोन ठेवला.

विजयमालानं कपाळाला हात लावला. नदीकाठच्या त्रेसष्ट गावांतल्या एकेका माणसाचा मेल पत्ता तिला भरायचा होता. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की इशारा थेट त्या पत्त्यावर जाणार, मग तो माणूस गावाला सावध करणार. पूर्वीची फोनाफोनी यंदापासून बंद. पण पत्त्यावर गेलेला नंबर परत सांगितल्याशिवाय संगणक काही पडद्यावर गाव हिरवं करायला तयार नव्हता. महिना झाला, हिरवी चौदाच. बाकीची लालभडक. भगवानराव साहेब परभणीहून बोलणी खाऊन येत आणि सगळा राग तिच्यावर काढत. कंत्राटी नोकरी, जायला किती वेळ!

शेवटी तिनंच ही इशाऱ्याची यंत्रणा बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. “म्याडम, नंबर न विचारता पुढं जायची सोय करून द्या की.”

“देते. पण मग पत्ता खरा की खोटा, ते संगणक बघणार नाही हं,” पलीकडची बाई म्हणाली.

“ते मी बघते की!”

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नवा चौकोन आला. ‘पडताळणी वगळा.’ दुपारपर्यंत तिनं खरे पत्ते हुडकले. दोन सापडले. मग गावाचं नाव, पुढं एक-दोन-तीन, असे पत्ते ती धडाधड रचत सुटली. मन खात होतं, नाही असं नाही. खरे सवडीनं भरू, म्हणाली. ती सवड काही मिळाली नाही. संध्याकाळी त्रेसष्टच्या त्रेसष्ट गावं हिरवी, आणि भगवानरावांनी चक्क पेढे वाटले.

तिकडं तिचा बाप रायभान पोरीचं कौतुक सांगताना थकेना. त्या साली त्यानं मेंढरांचा वाडा नदीतल्या बेटावरच बसवला. गवत लय झकास! कुणी हटकलं की म्हणायचा, “माझी लेक त्याच कामावर हाय. पाणी यायच्या आधी आमाला निरोप येतोय.”

सप्टेंबरातली सकाळ. वर धरणाकडं पाऊस, इकडं लख्ख ऊन. विजयमाला कचेरीत शिरली तर साहेब खुशीत. “धरणाची दारं सातलाच उघडली,” ते म्हणाले.

अकरा वाजले होते. तिनं बापाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग पाटलांना.

“इशारा? न्हाई बा. पण नदी मघापासून लय घुमायली,” पाटील म्हणाले.

“काका, बाबा बेटावर हायेत! पळा!”

ती साहेबांकडं वळली. “साहेब, दारं बंद करायला सांगा. गावांना निरोपच गेला न्हाई!”

“असं कसं?” भगवानराव हसले. “अहो, एक जरी गाव लाल असलं तरी दारं उघडायची नाहीत, असा वरचा हुकूम आहे. सगळी हिरवी बघितली, मगच पाणी सोडलं.”