उजव्या हाताचा अर्ज

साल १९८७. सांगलीच्या द्वारकाबाईंचा उजवा खांदा असा आखडला, की स्वतःचा अंबाडाही घालता येईना. व्यायामोपचाराच्या दवाखान्यात त्यांनी बजावलं, "एकूण खर्च आधी लिहून द्या, मगच हात लावा."

"मग त्या पेटीत अर्ज टाका, मावशी. उजव्या हातानं हं! डाव्या हाताचा डॉक्टरांना चालत नाही," कारकून घाटगे म्हणाले.

"पेटी भिंतीवर केवढी उंच टांगलीय!"

"खाली होती तेव्हा लोक खरंच अर्ज टाकायचे."

द्वारकाबाई हट्टाला पेटल्या. रोज भिंतीवरून बोटं वर चढवत चाळिसाव्या दिवशी त्यांनी अर्ज टाकलाच. उत्तर आलं तोवर खांदा मोकळा झाला होता. 'भिंतीवर बोटं चढवणे, चाळीस दिवस, आठशे रुपये.'

पुढे डॉक्टरांनी पेटी आणखी वर टांगली. निवृत्तीनंतर घाटग्यांचा खांदा आखडला. त्यांचा हात पेटीपर्यंत पोचलाच नाही. द्वारकाबाई नव्वदाव्या वर्षी गेल्या. त्या सकाळीही अंबाडा त्यांनी स्वतःच घातला होता.